बेटकास्टिंग रीलचं हँडल बदलताना: माप, लांबी, नॉब आणि बसवणी

बेटकास्टिंग रीलचं (रॉडच्या वर बसणाऱ्या, आडव्या फिरकीच्या रीलचं) हँडल बदलायची वेळ साधारण तीन कारणांनी येते. रील खडकावर आपटते आणि हँडलचा दांडा वाकतो. खाडीच्या खाऱ्या पाण्याने नॉब, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या मुठी, जाम होतात. किंवा कंपनीकडून आलेलं हँडल तुमच्या मासेमारीला आखूड पडतं. पहिल्या दोन कारणांसाठी त्याच मापाचं हँडल शोधलं की काम भागतं. तिसऱ्या कारणात मात्र लोक घाई करतात. लांब हँडल, मोठे नॉब, वर चकचकीत कार्बन, असं सगळं एकदम मागवतात आणि मग ते रीलवर बसतच नाही, नाहीतर बसतं पण ड्रॅगला (मासा जोरात ओढू लागला की लाइन सोडणाऱ्या ब्रेकला) अडतं.

एक गोष्ट आधी पक्की करू. हँडल बदललं तरी गिअर तोच, स्पूल (लाइनची फिरकी) तोच आणि ड्रॅगच्या चकत्याही त्याच राहतात. फरक पडतो तो तुमच्या हाताला पडणाऱ्या कामात. त्यामुळे निवड करताना क्रम असा ठेवा: हँडल रीलवर नीट बसतं का, ड्रॅगच्या स्टारला (ड्रॅग कमी-जास्त करायच्या चांदणीसारख्या चाकाला) मोकळीक मिळते का, मग लांबी, आणि शेवटी नॉब आणि रंगरूप.

शाफ्टचं माप

हँडलचा नट काढलात की खाली शाफ्टचं टोक दिसतं. ते पूर्ण गोल नसतं. गोल दांडीच्या दोन समोरासमोरच्या बाजू सपाट केलेल्या असतात आणि हँडलमधलं भोक त्याच आकाराचं असतं. मोजायची मापं दोन: गोल बाजूवरची रुंदी आणि सपाट बाजूंमधलं अंतर. दाईवा आणि आबू गार्सियाच्या लो-प्रोफाइल (बुटक्या, चपट्या) रीलींवर हे माप बहुतेक ८ × ५ मिलिमीटर असतं, शिमानोच्या लो-प्रोफाइल रीलींवर ७ × ४. बाजारात मिळणारी बहुतेक बदली हँडलं याच दोन मापांत येतात.

तरीही कंपनीच्या नावावर विसंबून ऑर्डर देऊ नका. एकाच कंपनीच्या मोठ्या गोल रीलींवर किंवा जुन्या मॉडेलवर वेगळं माप निघू शकतं. व्हर्निअर कॅलिपरने मोजायला दोन मिनिटं लागतात. कॅलिपर नसेल तर ओळखीच्या लेथवाल्याकडे रील घेऊन जा, पण पट्टीने अंदाज करू नका. ४ आणि ५ मिलिमीटरमधला फरक पट्टीवर चुकतो आणि चुकला की हँडल परत पाठवावं लागतं.

८ × ५ चं हँडल ७ × ४ च्या शाफ्टवर सहज शिरतं, म्हणून ते 'बसलं' असं वाटतं. नट आवळला की काही काळ हलतही नाही. पण सपाट बाजूंवर टेकण नसल्यामुळे सगळा जोर फक्त नट पेलतो. दोन-चार मोठे मासे झाले की हँडल टकटक करायला लागतं आणि शाफ्टच्या कडा गोल होतात. मग गोष्ट हँडलवर थांबत नाही, शाफ्ट बदलावा लागतो आणि त्यासाठी रील पूर्ण उघडावी लागते. उलट बाजूने, ७ × ४ च्या भोकाला कानस मारून ८ × ५ करायचाही मोह होतो. हाताने मारलेल्या कानसेने दोन्ही बाजू समांतर येत नाहीत, आणि कार्बनच्या दांड्यात तर भोकाच्या कडेचे थर सुटतात. तसं करू नका.

'दोन्ही मापांना चालेल' म्हणून विकलं जाणारं हँडलही जपूनच घ्या. त्यात एकाच जागी दोन मापांची भोकं एकमेकांवर कापलेली असतात. शाफ्टला टेकायला उरलेली कड अगदी थोडी असते. हलक्या कामाला ते चालून जाईल, पण मरळ जलपर्णीतून खेचायची असेल तर नाही.

सर्वांत बिनधोक मार्ग म्हणजे त्याच कंपनीच्या मोठ्या रीलचं मूळ हँडल. कंपनीच्या सुट्या भागांच्या आकृतीत तुमच्या रीलचा आणि त्या मोठ्या रीलचा शाफ्ट किंवा नट एकाच पार्ट नंबरचा निघाला, तर हँडल बसायला सहसा अडचण येत नाही. मोकळीक तेवढी तपासायची उरते.

नट, आटे आणि रिटेनर

रीलचं हँडल उजवीकडे असेल तर नटाचे आटे सरळ असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने आवळतो. डाव्या हँडलच्या बऱ्याच रीलींवर आटे उलटे असतात. कारण साधं आहे. डावं हँडल लाइन गुंडाळताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, आणि सरळ आट्याचा नट त्या दिशेला हळूहळू ढिला होत जाईल. म्हणून डाव्या रीलवर पाना लावायच्या आधी शाफ्टच्या टोकाचे आटे नीट बघा आणि अगदी हलक्या जोराने दोन्ही दिशांना अंदाज घ्या. चुकीच्या दिशेला जोर लावून नट आणखी आवळला गेला की आटे खराब होतात.

डाव्या-उजव्या रीलींमध्ये नटाचा व्यासही वेगळा असू शकतो. त्यामुळे नव्या हँडलसोबत आलेला नट आपल्या शाफ्टला चालेल असं गृहीत धरू नका. आधी बोटांनी फिरवून पाहा. दोन-तीन आटे बोटांनी सहज जायला हवेत. अडला तर तिथेच थांबा आणि मूळ नट वापरा. मूळ नट वापरताना फक्त एवढं पाहायचं की नव्या दांड्यातल्या खोबणीत त्याची खालची कड नीट उतरते.

नटावर एक छोटी पट्टी आणि तिला एक बारीक स्क्रू असतो. तो रिटेनर. नट फिरू नये एवढंच त्याचं काम, पण तो नसेल तर नट पाण्यात पडल्याशिवाय राहत नाही. नव्या हँडलमध्ये रिटेनरच्या स्क्रूचं भोक नटाच्या मध्यापासून वेगळ्या अंतरावर असू शकतं. अशा वेळी जुना रिटेनर बसत नाही. खरेदीपूर्वी विचारायचा प्रश्न हा: रिटेनर आणि त्याचा स्क्रू सोबत येतो का?

दांड्याची जाडीही इथेच तपासा. जाड दांडा लावला की शाफ्टचे आटे कमी उरतात. नट पूर्ण आवळल्यावर त्याने किमान तीन पूर्ण आटे धरलेले असायला हवेत. त्याहून कमी असतील तर ते हँडल त्या रीलचं नाही.

लांबी: इथे खरा विचार लागतो

दुहेरी हँडलची लांबी एका नॉबच्या मध्यापासून दुसऱ्या नॉबच्या मध्यापर्यंत मोजतात: ८०, ८४, ९०, १००, ११० मिलिमीटर, याप्रमाणे. दांड्याच्या टोकापासून टोकापर्यंत नाही. यात एक फसगत आहे. शिमानोच्या जपानी कॅटलॉगमध्ये हँडलची लांबी शाफ्टच्या मध्यापासून एका नॉबपर्यंत छापलेली असते, उदाहरणार्थ ४२ किंवा ४५. दाईवा पूर्ण लांबी छापते, ९० किंवा १००. त्यामुळे ४५ आणि ९० ही दोन रीलींवर एकच लांबी असू शकते. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीत आणा.

लांबीने काय होतं ते आकड्यांत पाहू. स्पूल ३४ मिलिमीटर व्यासाचा, पूर्ण भरलेला, गिअर ७.३, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे ७.३ फेरे. लाइनवर येणारा ओढ आणि नॉबवर लावलेला जोर यांचं गुणोत्तर म्हणजे दांड्याची अर्धी लांबी भागिले (स्पूलची त्रिज्या गुणिले गिअर). ९० च्या हँडलला ४५ ÷ (१७ × ७.३), म्हणजे सुमारे ०.३६. ११० च्या हँडलला ०.४४. म्हणजे लाइनवर ४ किलोचा ओढ आणायला ९० च्या हँडलवर नॉबला अंदाजे ११ किलोचा जोर लागतो आणि ११० च्या हँडलवर ९ किलोचा. घर्षण धरलं तर दोन्ही थोडे वाढतील, पण त्यांच्यातलं प्रमाण तेच राहील. फायदा साधारण २२ टक्क्यांचा.

याची किंमत हाताच्या प्रवासात मोजावी लागते. ९० च्या हँडलवर एका फेऱ्यात हात सुमारे २८ सेंटिमीटर फिरतो, ११० वर जवळपास ३५. एका फेऱ्याला लाइन मात्र तेवढीच येते, ७८ सेंटिमीटर. दिवसभर ल्युअर (कृत्रिम आमिष) टाकणाऱ्या माणसाच्या खांद्याला हा फरक संध्याकाळी कळतो. पटापट गुंडाळून पुन्हा फेकायच्या मासेमारीत लांब हँडल हात मंदावतं.

याच हिशोबाचा एक उपयोगी निष्कर्ष: ७.३ गिअरवर ९० चं हँडल हाताला जसं जातं, तसंच ८.१ गिअरवर १०० चं जातं. दोन्हींचं गुणोत्तर ०.३६ येतं. म्हणून जुनी रील विकून जास्त गिअरची घेतली आणि ती जड वाटतेय असं असेल, तर १०० चं हँडल हा योग्य इलाज आहे. उलट ५.३ किंवा ६.३ गिअरच्या रीलवर ११० चं हँडल लावणं बहुतेकदा फुकटचं ओझं ठरतं.

आता ड्रॅग. हा मुद्दा बरेच जण वगळतात. हँडलचा जोर शाफ्टमधून थेट गिअरकडे जात नाही. तो ड्रॅगच्या चकत्यांमधून जातो. ड्रॅग ३ किलोवर लावलेला असेल तर हँडलने लाइनवर ३ किलोपेक्षा जास्त ओढ आणताच येत नाही. हँडल फिरत राहील, चकत्या सरकतील आणि स्पूल जागचा हलणार नाही. 'रील गुंडाळत नाही' म्हणून लांब हँडल घेणाऱ्या बऱ्याच लोकांच्या ड्रॅगच्या चकत्या झिजलेल्या किंवा चुकीच्या तेलाने निसरड्या झालेल्या असतात. हँडलवर खर्च करण्याआधी लाइनला स्प्रिंग काटा लावून ड्रॅग तपासा. मूळ ड्रॅगच कमी असेल तर आधी तो दुरुस्त करा.

उलट टोकाला, ड्रॅग पूर्ण आवळून ११० चं हँडल आणि जाड ब्रेडेड लाइन हे गणित गिअरवर बेततं. चकत्या सरकत नाहीत, लाइन तुटत नाही, मग सगळा ताण दातांवर येतो. गिअर पितळी असेल तर तो बराच काळ तग धरतो. हलक्या रीलींमधला ॲल्युमिनियमचा गिअर लवकर झिजतो, आणि हँडल फिरवताना हाताला खरखर जाणवू लागते. मोठा मासा रॉड उचलून आणायचा आणि रॉड खाली नेताना ढिली झालेली लाइन तेवढी गुंडाळायची, हा नियम पाळला तर हँडलवर एवढा जोर येण्याचं कारणच उरत नाही. अपवाद मरळीचा. फ्रॉग (बेडकासारखी ल्युअर) घेतल्यावर ती लगेच शेवाळात घुसते, तेव्हा पहिले चार-पाच फेरे रॉड ताठ ठेवून नुसत्या हँडलने खेचावे लागतात.

कामानुसार लांबी साधारण अशी धरा. २ ते ७ ग्रॅमची ल्युअर आणि बारीक लाइन असेल तर ८० ते ८४. रोजच्या ७ ते २० ग्रॅमच्या ल्युअरला ९०. खाडीतला जिताडा, मरळीचा फ्रॉग, खोल जाणारे क्रँकबेट आणि ६० ग्रॅमपर्यंतची मोठी ल्युअर यांना ९५ ते १००. त्यापुढे ११० ते १३० ही लांबी ३०० आणि ४०० आकाराच्या मोठ्या रीलींसाठी आहे. १०० किंवा १५० आकाराच्या छोट्या रीलवर एवढं हँडल लावलं की फिरवताना रील हातातच डोलायला लागते, कारण मुठीत धरलेली रील लहान आणि तिच्या बाजूला लटकलेला भार मोठा.

एकेरी हँडल, म्हणजे एका बाजूला मोठा नॉब आणि दुसऱ्या बाजूला वजन, जिगिंग (ल्युअर वर-खाली झटकत केलेली मासेमारी) आणि ट्रोलिंगसाठी (चालत्या होडीमागे ल्युअर ओढत नेण्यासाठी) ठीक. हलक्या ल्युअरला ते नको. लाइन सैल असताना जड नॉब आपल्याच वजनाने खाली येतो आणि स्पूल थोडा फिरवतो, ल्युअर नको तेव्हा सरकते.

ड्रॅगचा स्टार आणि दांड्याचा बाक

आजकालची बहुतेक हँडलं सरळ नसतात. दांडा रीलकडे थोडा झुकलेला असतो. नॉब रीलच्या जितके जवळ, तितकी फिरवताना रील कमी डोलते, त्यामुळे बाक चांगलाच. पण बाकाच्या आतल्या बाजूला ड्रॅगचा स्टार असतो आणि तिथेच घोटाळा होतो.

स्टार आट्यांवर फिरतो. आवळला की रीलकडे सरकतो, ढिला केला की हँडलकडे. त्यामुळे नवं हँडल लावून ड्रॅग आवळलेल्या स्थितीत पाहिलं तर सगळं मोकळं दिसतं. नंतर ड्रॅग सैल करायला जावं तर स्टारची टोकं दांड्याच्या बाकाला घासतात, आणि शेवटचे फेरे मिळतच नाहीत. मासा धावत असताना ड्रॅग सैल करता आला नाही तर लाइन तुटते. म्हणून मोकळीक नेहमी स्टार पूर्ण ढिला करून तपासायची. स्टारचं सर्वांत उंच टोक आणि दांड्याची आतली बाजू यांत किमान १ मिलिमीटर अंतर हवं, आणि तेही हँडल पूर्ण एक फेरा फिरवताना प्रत्येक टोकापाशी. अंतर बघायला साधं व्हिजिटिंग कार्ड दुमडून तीन पदर करून सरकवा. कुठेही अडलं नाही पाहिजे.

हँडल ऑनलाइन घेताना बाकाचं माप विचारा: मधल्या भोकाची पातळी आणि नॉबच्या पायाची पातळी यांत किती मिलिमीटर फरक आहे. तुमच्या मूळ हँडलचा बाक सपाट काचेवर ठेवून मोजता येतो. नव्याचा बाक त्याहून २ मिलिमीटरने जास्त असेल तरी काळजीने बघा. आणि मोठा स्टार बदलून लावलेला असेल तर हँडल आणि स्टार दोन्ही एकाच कंपनीचे घ्या.

दांडा कशाचा

ॲल्युमिनियम हा सर्वांत समजूतदार पर्याय. पुरेसा कडक, हलका, आणि वाकला तर वाकलेला दिसतो. रंग असा हवा की तो धातूच्या पृष्ठभागातच मुरवलेला असेल, म्हणजे ॲनोडाइज केलेला. वरून फवारलेला रंग खाऱ्या पाण्यात फुगतो. ॲल्युमिनियमच्या दांड्यात स्टीलचा स्क्रू आणि मध्ये मीठ, ही जोडी खाडीवर धातू खाते. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसू लागली की समजा सुरुवात झाली. स्क्रू बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावलं तर हे बरंच टळतं.

कार्बन सर्वांत हलका आणि गंजत नाही. पण तो वाकत नाही, तुटतो. आपटल्यावर वरून धड दिसतो आणि आतले थर सुटलेले असतात. विकत घेताना नॉबच्या भोकाच्या कडा नखाने तपासा. कड उसवलेली किंवा पांढरट दिसली तर घेऊ नका. होडीच्या लाकडावर, खडकावर रील सतत ठेवणाऱ्यांनी कार्बनच्या मागे लागू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

वजनाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. दांड्याच्या मधलं वजन फारसं जाणवत नाही, टोकाचं जाणवतं. हँडल सुरू करताना आणि थांबवताना नॉबच्या वजनाचा परिणाम लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तोच नॉब ९० वरून ११० च्या हँडलवर गेला की त्याचा हा परिणाम जवळजवळ दीडपट होतो. म्हणून लांबी वाढवली तर नॉब हलका घ्या. लांब दांडा आणि वर धातूचे जाड नॉब लावले की ल्युअरला लागलेला हलका धक्का हातापर्यंत पोचतच नाही.

नॉब

हँडल नॉबशिवायही मिळतं. तेव्हा नॉबच्या खुंटीचा प्रकार जुळवावा लागतो. शिमानोचा ए प्रकार आणि दाईवाचा एस प्रकार यांत एकच बेअरिंग चालतं: आतला व्यास ४, बाहेरचा ७ आणि जाडी २.५ मिलिमीटर. प्रत्येक नॉबला दोन, म्हणजे दुहेरी हँडलला चार. स्वस्त रीलींमध्ये यातल्या एका किंवा दोन्ही जागी प्लास्टिकचे बुश असतात. ते काढून बेअरिंग घालता येतात आणि नॉब छान मोकळा फिरतो. पण खाडीवरच मासेमारी करणार असाल तर आतल्या बाजूचा, दांड्याकडचा बुश तसाच ठेवा. पाणी आणि मीठ तिथूनच शिरतं आणि तिथलं बेअरिंग सर्वांत आधी गंजून बसतं. बुश थोडा कमी गुळगुळीत चालतो, पण सहसा जाम होत नाही.

ए आणि एस प्रकारांच्या खुंट्यांच्या लांबीत किंचित फरक असतो. तो ०.१ ते ०.३ मिलिमीटरच्या पातळ वायसरांनी भरून काढतात. नॉब बोटांनी बाहेर-आत ओढून पाहा. कसाबसा जाणवेल एवढा, साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा खेळ हवा. अजिबात खेळ नसेल तर बेअरिंगवर बाजूने दाब येतो आणि नॉब जड फिरतो, अशा वेळी एक वायसर कमी करा. खडखडत असेल तर एक वाढवा.

आकार तुमच्या पकडीवर ठरवा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरत असाल तर चपटा नॉब. पूर्ण मूठ वळवून ओढत असाल तर गोल किंवा टी आकाराचा. ईव्हीए फोम हलका असतो आणि ओल्या हातातून निसटत नाही, पण आमिषाचा वास धरतो आणि ट्रेबल (तीन टोकांच्या) हुकने त्याला खड्डे पडतात. रबरी लेप असलेले नॉब उन्हाने आणि हाताच्या घामाने चिकट होत जातात. डास पळवायच्या मलमातल्या डीईईटीने तर हा लेप आणि काही प्लास्टिक अक्षरशः विरघळतं. संध्याकाळी खाडीवर बसणाऱ्यांनी मलम लावलेला हात पुसूनच रील धरावी. ॲल्युमिनियमचे नॉब टिकतात, मात्र मे महिन्याच्या दुपारी होडीत तळपत पडलेली रील उचलली की हात भाजतो. लाकडी आणि कॉर्कचे नॉब हाताला चांगले लागतात, त्यांना वर्षातून एकदा तेल द्यावं लागतं.

बसवणी

हाताशी हे ठेवा: १० मिलिमीटरचा छोटा रिंग पाना (बहुतेक नट याच मापाचे असतात), बारीक फुली स्क्रू ड्रायव्हर, मळका नसलेला पांढरा कपडा, थोडं ग्रीस आणि मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर (स्क्रू आपोआप ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव). उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा.

रील रॉडवरून काढा आणि हँडलची बाजू वर करून कपड्यावर ठेवा. स्टार आहे त्याच जागी राहू द्या, तो काढायचा नाही. त्याच्याखाली वाटीच्या आकाराचे स्प्रिंग वायसर आणि काही रीलींमध्ये टिकटिक आवाज करणारी बारीक स्प्रिंग असते. स्टार उतरवलात की ती उडते आणि सापडत नाही.

रिटेनरचा स्क्रू काढा, रिटेनर उचला. आता नट सोडवताना दुसऱ्या हाताने दांडा घट्ट धरा. नट सोडवायचा जोर हँडलला मागे ढकलतो, आणि दांडा धरला नाही तर तो सगळा धक्का उलटं फिरणं रोखणाऱ्या रोलर बेअरिंगवर जातो. नट, मग हँडल सरळ वर उचला. हँडलखाली पातळ वायसर किंवा कॉलर असेल तर तो कुठे, कोणत्या बाजूने होता ते बघून ठेवा. हा वायसर विसरला तर नवं हँडल खाली उतरून स्टारला टेकतं.

शाफ्टचं टोक कपड्याने पुसून घ्या, वाळूचा कण राहिला तर हँडल तिरकं बसतं. सपाट बाजूंना ग्रीसचं बोट लावा. वायसर परत ठेवा, नवं हँडल बसवा आणि नट आधी बोटांनी फिरवा. आटे तिरके धरले तर पहिल्याच फेऱ्यात अडेल, तसं झालं तर पूर्ण काढून पुन्हा सुरुवात करा. शेवटी पान्याने आवळा. लांब पाना वापरू नका. छोट्या पान्यावर दोन बोटांचा जोर पुरेसा आहे.

रिटेनर नटाच्या कोनाशी जुळला नाही तर नट किंचित पुढे आवळून जुळवा. मागे ढिला करून जुळवू नका. रिटेनरचा स्क्रू लावताना त्याच्या टोकाला थ्रेडलॉकरचा एक ठिपका. नॉबच्या स्क्रूलाही तेवढाच. जास्त लावलं तर ते बेअरिंगमध्ये किंवा प्लास्टिकच्या टोपीवर ओघळतं, आणि काही प्लास्टिकला त्याने तडे जातात. लाल थ्रेडलॉकर लावू नका, तो स्क्रू पुन्हा उघडायला तापवावा लागतो. नटाला मात्र थ्रेडलॉकर नको, तिथे रिटेनर आहेच.

मग तीन गोष्टी तपासा. स्टार पूर्ण ढिल्यापासून पूर्ण आवळेपर्यंत फिरवा आणि प्रत्येक टप्प्यावर हँडल एक फेरा फिरवून बघा. दांडा टोकाला धरून वर-खाली हलवा. मधल्या भोकापाशी हालचाल दिसली तर माप चुकलंय किंवा नट कमी आवळलाय. शेवटी रॉडवर लावून पाण्याने भरलेल्या बादलीला लाइन बांधून ड्रॅग घसरवून पाहा, म्हणजे जोर पडल्यावर हँडल कुठे घासतं का ते कळेल.

नंतर काय बिघडतं

पहिल्या मासेमारीनंतर नट एकदा तपासावाच लागतो, कारण नवा दांडा दाबाखाली थोडा बसतो. हँडल मागच्या दिशेने किंचित हलून मग अडत असेल तर घाबरू नका आणि लगेच हँडलला दोष देऊ नका. शाफ्ट हँडलसोबत हलतोय का ते बघा. शाफ्टही हलत असेल तर दोष रोलर बेअरिंगचा आहे, बहुतेकदा त्यात जास्त ग्रीस गेलेलं असतं. फक्त हँडल हलत असेल तर भोकाचं माप चुकलंय.

नॉब जड फिरू लागला आणि तेलाने सुटत नसेल तर बेअरिंग आत गंजलंय. तेल ओतत बसू नका, बदला. ते काढताना खुंटीवर चिकटलेलं असेल तर पक्कडीने ओढू नका, आतली कडी खुंटीवरच राहते. गरम पाण्यात हँडल काही मिनिटं ठेवा, मग नॉब हलवत हलवत काढा.

खाडीवरून आल्यावर हँडल आणि नॉब गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, ड्रॅग आवळून. जोराच्या धारेने मीठ उलट आत जातं. झटकून, नॉब खाली लटकतील असं वाळू द्या. नॉबच्या बेअरिंगना पातळ तेलापेक्षा थोडं घट्ट तेल चांगलं, कारण इथे वेगाचा प्रश्न नसतो, पाणी बाहेर ठेवायचं असतं.

जुनं हँडल, त्याचा नट, रिटेनर आणि स्क्रू एका छोट्या झिपच्या पिशवीत घालून त्यावर रीलचं मॉडेल लिहून ठेवा. बदली हँडलचा रिटेनर हरवला किंवा रील दुरुस्तीला पाठवायची झाली, तर हीच पिशवी लागते.